शी अडकते, औषधानं सुटते आणि पंधरा दिवसांनी परत अडकते: आमच्या पोरीचं चक्र कसं तुटलं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या घरातलं आणि आमच्या घरातलं एकच आहे का ते तुम्हाला लगेच कळेल.

पोरगी छान खेळत असते आणि मधेच एकदम थांबते. दाराच्या पडद्यामागं नाहीतर कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते, टाचा वर, दोन्ही पाय एकमेकाला घट्ट चिकटवलेले, अंग लाकडासारखं ताठ, तोंड लालबुंद, एका हातानं पडदा मुठीत धरलेला. जवळ गेलं की "नको नको" करून ओरडते. दोन-तीन मिनिटांत सगळं निवळतं आणि परत खेळायला लागते, डायपर उघडून बघावा तर कोरडा. असं दिवसातनं सात-आठ वेळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आकांत करून एकदाची शी होते, ती मोठ्या माणसाची वाटावी एवढी जाड, वर ताज्या रक्ताची एक बारीक रेघ. मग दोन दिवस घर शांत. मग परत पहिल्यापासनं सगळं.

आमची चिमी आता २३ महिन्यांची आहे. हे सुरू झालं मागच्या दिवाळीत, तेव्हा ती १४ महिन्यांची होती, माझी ऑफिसची वेळ वाढली होती आणि अंगावरचं दूध बंद होऊन म्हशीचं सुरू झालं होतं. दिवाळी ते महाशिवरात्र एवढ्या काळात पाच वेळा तेच घडलं, पाचही वेळा आम्हाला वाटलं की आता सुटलं, आणि पाचही वेळा ते परत आलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण "बद्धकोष्ठ झालंय काय देऊ" याची उत्तरं शंभर मिळतात पण "परत परत का होतंय" याचं उत्तर मला चार महिने कुणी दिलं नव्हतं.

आम्ही काय काय केलं ते आधी सांगते. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावला. शेजारच्या काकूंनी साबणाची कांडी सांगितली. मेडिकलवाल्यानं न विचारता ग्लिसरीनची बत्ती हातात ठेवली आणि "दर आठवड्याला घाला, काही होत नाही" म्हणाला. मनुकांचं पाणी झालं, बेंबीवर हिंग झाला, ग्राइप वॉटर झालं. आता यातल्या प्रत्येक गोष्टीनं एकदा शी झालीच, देठानं झाली, बत्तीनं तर दहा मिनिटांत झाली, म्हणून आम्हाला वाटायचं की उपाय लागू पडला. पण ज्या पोरीला आधीच तिथं दुखतंय तिला धरून, पाय वर करून, परत तिथंच काहीतरी घालायचं, याचा अर्थ तिच्यासाठी काय होत असेल याचा विचार आम्ही कुणीच केला नाही. जानेवारीपर्यंत अशी वेळ आली की डायपर बदलायला आडवं केलं तरी ती किंचाळायला लागायची. साबण तर आतल्या नाजूक त्वचेची आग करतो, आणि एवढ्या लहान लेकराला पोटात एरंडेल द्यायचं नाही, हे दोन्ही आम्हाला नंतर कळलं. देठ लावणारी आई प्रेमानंच लावते, मला त्यात शंका नाही, पण ते बंद करा एवढंच हात जोडून सांगेन.

दुसरी चूक याच्यापेक्षा मोठी होती. ती पडद्यामागं ताठ व्हायची तेव्हा आम्हाला वाटायचं ती कुंथतेय. सगळं घर गोळा व्हायचं, "लाव जोर, लाव, शाब्बास" म्हणून टाळ्या वाजवायचे. मग आम्ही ज्या बालरोगतज्ज्ञांकडं गेलो त्यांनी तिला तपासताना नेमकं तेच झालं, ती माझा ड्रेस धरून टाचांवर उभी राहिली, आणि डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, ही शी करत नाहीये, ही शी रोखतेय." मग त्यांनी माझा हात धरून चिमीच्या पोटावर डाव्या बाजूला खाली ठेवला. मऊ पोटाखाली एक टणक, वळकटीसारखी गाठ हाताला लागली, मधेमधे गोळे असलेली. चार दिवसांची शी. माझ्या पोटात कालवलं हो, कारण सकाळीच मी तिला "हट्टी कुठली" म्हणून ओरडले होते.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. कुठल्यातरी कारणानं एकदा शी कडक होते, ताप येऊन गेला, दूध बदललं, प्रवास झाला, काहीही. ती होताना दुखतं, कधी बारीक चीर पडते, रक्ताची रेघ त्याच चिरेची. दीड वर्षाच्या लेकराला एवढंच कळतं की शी आली की दुखतं, मग ते पुढच्या वेळी शी आली की दाबून धरतं. धरलेली शी आतड्यात पडून राहते आणि आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, म्हणजे ती आणखी कडक, आणखी मोठी होते, आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. पोरीची भीती खरी ठरते. आणि हे महिनोनमहिने चाललं की शेवटच्या टोकाचं आतडं ताणून सैल पडतं, मग थोडी शी साठली तरी त्याला जाणीवच होत नाही, बरंच साठल्यावर कळ येते. म्हणजे एकदा पोट साफ झालं म्हणून आतडं लगेच पहिल्यासारखं होत नाही आणि भीती तर त्याहून जात नाही. दोन्हीला वेळ लागतो, आणि हा वेळ आम्ही कधी दिलाच नव्हता.

ते आम्हाला कळलं कालनिर्णयमुळं. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय असतं, त्यात आई दुधाचा हिशोब लिहितात, दीड लिटर, दोन लिटर, खाडा. डॉक्टरांनी "मागच्या तीन महिन्यांतलं सांगा" म्हटल्यावर मला तारखा आठवेनात, मग घरी येऊन आईंनी आणि मी बसून त्या चौकटींत पेन्सिलीनं भरत गेलो, शी कधी झाली, बत्ती कधी घातली, औषध कधी सुरू केलं, कधी बंद केलं. आधीच्या डॉक्टरांनी जानेवारीत लॅक्टुलोज, म्हणजे शी मऊ करणारं औषध, दिलं होतं, ते आम्ही पाच दिवस द्यायचो, शी मऊ झाली की बाटली फ्रिजवर. आणि चौकटी भरल्यावर दिसलं की बाटली फ्रिजवर गेल्यापासनं सातव्या-आठव्या दिवशी पोरगी पडद्यामागं उभी. तीन वेळा तेच. आम्ही दर वेळी उपाय सोडून देत होतो आणि दर वेळी म्हणत होतो की उपाय चालत नाही.

एक वेगळीच भानगड मधे झाली, ती सांगायलाच पाहिजे कारण यात भलेभले फसतात. फेब्रुवारीत चार दिवस शी नव्हती आणि मग एकदम डायपरला पातळ, चिकट, वासट डाग लागायला लागले, दिवसातनं पाच-सहा वेळा, थोडं थोडं. आम्हाला वाटलं जुलाब लागले. बद्धकोष्ठाचं औषध बंद केलं, दहीभात सुरू केला. खरं असं होतं की आत कडक गोळा अडकलेला आणि वरची पातळ शी त्याच्या बाजूनं झिरपत होती, नळात दगड अडकल्यावर पाणी कडेनं ठिबकतं तसं. चार दिवस काहीच नाही आणि मग एकदम पातळ डाग, असं दिसलं तर जुलाब थांबवायचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका, आधी पोट दाखवून या.

आता दुधाकडं येते, कारण कोल्हापुरात राहून दुधावर बोलायचं म्हणजे धाडसच.

आमचे आप्पा, माझे सासरे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. त्यांच्यासाठी दूध म्हणजे औषध, दूध म्हणजे खुराक, दूध म्हणजे माया. रोज संध्याकाळी चिमीला कडेवर घेऊन गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जायचे, समोर म्हशीची धार काढलेली, फेसाळ, कोमट, स्वतः एक पेला आणि नातीला त्यातलंच पाव पेला. मला त्या दृश्याचं कौतुक आहे, आजही आहे, नात परत यायची तेव्हा तिच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी असायची. पण न तापवलेलं धारोष्ण दूध एवढ्या लहान लेकराला देऊ नये, त्यातनं ब्रुसेलोसिससारखे जनावरांकडनं येणारे तापाचे आजार होऊ शकतात, जंतू पोटात जाऊन जुलाब होऊ शकतात, आणि लहानांना ते मोठ्यांपेक्षा जास्त बाधतात. आप्पांना हे डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. मी सांगितलं असतं तर घरात वेगळंच झालं असतं, म्हणून ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांनी आजी-आजोबांना एकदा दवाखान्यात सोबत न्याच.

मग डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला दूध किती. मी म्हटलं दोन वेळा. आई म्हणाल्या, "अगं मी अकरा वाजता देते की." आप्पा म्हणाले, "आणि संध्याकाळचं?" नवरा म्हणाला रात्री झोपताना बाटली असतेच. घरी येऊन मापाच्या कपानं सगळं मोजलं, तर ८५० मिली. चार हातांनी दिलेलं, आणि बेरीज कुणाकडंच नव्हती. एक वर्षानंतरच्या लेकराला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिली दूध बास होतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट, १०० मिलीमागं साधारण १०० कॅलरी. म्हणजे आमच्या पोरीच्या पोटात नुसत्या दुधानंच ८००-८५० कॅलरी जात होत्या, आणि या वयाच्या मुलाची दिवसाची सगळी गरजच हजाराच्या आसपास असते. तिला भूक लागणार कधी आणि भाकरी-भाजी खाणार कुठनं? आम्ही म्हणायचो जेवत नाही, म्हणून निदान दूध तरी, आणि दुधामुळंच ती जेवत नव्हती. दुधात चोथा शून्य. जेवण नाही म्हणजे चोथा नाही, मग शी मऊ राहणार कशानं.

दूध एका दिवसात तोडलं नाही. पहिल्या आठवड्यात अकराचं बंद केलं, त्या जागी फळ आणि पाणी. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची बाटली बंद, ही सगळ्यात अवघड गेली, तीन रात्री ती "दुदू" म्हणून रडली, नवऱ्यानं खांद्यावर टाकून गॅलरीत फेऱ्या मारल्या, चौथ्या रात्री पेल्यातनं दोन घोट पाणी पिऊन झोपली. आता सकाळी २०० आणि संध्याकाळी २०० मिली, दोन्ही तापवलेलं, दोन्ही पेल्यातनं. दूध-भाकरी केली तर ते दूधही याच मापात धरायचं. आप्पा अजून तिला संध्याकाळी बाहेर नेतात, फक्त आता रंकाळ्यावर, चालवत नेतात, आणि तो चालण्याचा फायदा पोटालाही होतोय असं मला वाटतं.

डॉक्टरांनी रक्तही तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ निघालं. दुधात लोह जवळजवळ नसतं, वर दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही. आमची चिमी दिसायला गुटगुटीत, सगळे म्हणायचे काय गोड बाळसं आहे, आणि आत लोह कमी. सरकारी कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातनं दोनदा लोहाचं १ मिली सिरप मिळतं, अंगणवाडी किंवा आशाताईंकडं विचारा, आम्हाला ते माहीतच नव्हतं. आम्हाला मात्र डॉक्टरांनी रोजचे थेंब दिले. ते दुधासोबत देऊ नका, संत्र्याच्या नाहीतर लिंबाच्या रसासोबत द्या, आणि त्यानं शी काळपट होते ते बघून घाबरू नका. लोहानं काही मुलांची शी घट्टही होते, तेव्हा दोन्ही औषधं चालू आहेत हे डॉक्टरांना माहीत असू दे.

आता मुख्य उपाय. दोन टप्पे होते. पहिला, आत अडकलेलं सगळं बाहेर काढणं. आम्हाला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली होती, पाण्यात मिसळून, पहिले काही दिवस जास्त डोस. ते दिवस दगदगीचे असतात, दिवसातनं चार-पाच वेळा शी होते, एक दिवस तर मी सुट्टीच टाकली. डोस वजनावर ठरतो म्हणून मी इथं आकडा लिहीत नाही आणि कुणी लिहिला तरी तो बघून देऊ नका. दुसरा टप्पा म्हणजे रोज कमी डोस, शी रोज मऊ राहील एवढा, आणि हा टप्पा महिनोनमहिने चालतो. लहान मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या संस्थांनी २०१४ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात असं आहे की हा रोजचा डोस किमान दोन महिने चालू ठेवायचा, सगळी लक्षणं जाऊन किमान एक महिना झालेला असायला पाहिजे, आणि मग एकदम बंद न करता हळूहळू कमी करायचा. आम्ही पाच दिवसांत बंद करत होतो, बघा.

घरात सगळ्यात मोठा वाद यावरच झाला. "एवढ्या लहान पोरीला रोज औषध, सवय लागेल." माझ्या मनातही तेच होतं. डॉक्टरांचं उत्तर मला पटलं ते असं की हे औषध आतड्याला मारून काम करून घेत नाही, ते शी मधे पाणी धरून ठेवतं, एवढंच, अंगात जवळजवळ शोषलंच जात नाही. सवय तर आत्ता लागलीच आहे, धरून ठेवायची, आणि ती सुटायला रोज न दुखता शी होण्याचे बरेच दिवस लागोपाठ यायला लागतात. साठ, सत्तर, ऐंशी वेळा दुखलं नाही की मग कुठं लेकराचा विश्वास बसतो.

डोस बरोबर आहे का ते बघायला आम्ही ब्रिस्टलचा तक्ता वापरतो, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला तयार झालेला, शीचे सात प्रकार. एक नंबर म्हणजे शेळीच्या लेंड्या, दोन म्हणजे लेंड्या एकत्र चिकटून झालेला जाड सोटा, तीन वर भेगा असलेला, चार गुळगुळीत मऊ, पाच मऊ तुकडे, सहा लिबलिबीत, सात नुसतं पाणी. चार-पाच पाहिजे. कालनिर्णयच्या चौकटीत आता दुधाच्या आकड्याखाली शीचा आकडा असतो, आईंनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं पण आता त्याच आधी लिहितात. दोन दिवस सलग तीन किंवा खाली आलं की आम्ही डॉक्टरांना फोन करतो, चौथ्या दिवसाची वाट बघत नाही. आणि हो, रोजच झाली पाहिजे असं काही नाही, एक दिवसाआड पण मऊ आणि न रडता होत असेल तर ते बद्धकोष्ठ नाही.

खाण्याचं सांगते पण आधी एक स्पष्ट करते. अडकलेल्या पोटात नुसता चोथा कोंबून काही होत नाही, आम्ही ते करून बघितलंय, पोट फुगतं आणि लेकरू जास्त रडतं. आधी साफ व्हायला पाहिजे, मग रोजचं खाणं कामाला येतं. आम्ही कपिलतीर्थ मंडईतनं आठवड्याची फळं आणतो त्यात पपई, नाशपाती आणि पिकलेलं केळं नक्की. नाशपाती आणि सुकवलेले आलुबुखार यांच्यात सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती आतड्यात पाणी ओढते, म्हणून त्यांचा फरक दिसतो. केळ्यानं बांधतं का सुटतं यावर घराघरात भांडणं आहेत, कच्चट केळं बांधतं, सालीवर काळे ठिपके आलेलं चालतं. दोन सुकी अंजिरं रात्री भिजवून सकाळी कुस्करून. मनुका अख्ख्या देऊ नका, चिरून द्या, शेंगदाणे-फुटाणे तर या वयात नकोतच, घशात अडकतात. ज्वारीची भाकरी गरम असतानाच मुगाच्या आमटीत चुरून वर तूप, ही आमची हुकमी. रताळं उकडून. नाचणीची आंबील. चाकवताची पातळ भाजी तिला आवडते, मेथी नाही आवडत, ठीक आहे. रविवारी मटण असतं तेव्हा तिखट घालायच्या आधीचा अळणी रस्सा आणि त्यातलं मटण बोटांनी अगदी बारीक तोडून भातात, लोहासाठी याच्याइतकं सोपं आणि चवीचं काही नाही. कमी काय केलं? चहा-खारी पूर्ण बंद, बिस्किटं आठवड्यातनं कधीतरी, आणि मैद्याचे टोस्ट जे पोरीला गप्प बसवायला हातात दिले जायचे ते घरात आणणंच सोडलं. पाण्याचा छोटा तांब्या तिच्या हाताला येईल असा ठेवलाय, येता-जाता दोन घोट.

आता बसवण्याचं, आणि मला वाटतं औषधाइतकंच याला महत्त्व आहे. पोट भरलं की आतडं आपोआप हलायला लागतं, म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत बसवलं तर निसर्गाची साथ मिळते. आम्ही सकाळच्या नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर बसवतो, तीन ते पाच मिनिटं, जास्त नाही. पहिल्यांदा मी बाजारातनं पोपटाच्या आकाराची पॉटी आणली, महाग होती, ती तिच्यावर बसलीच नाही. ते सगळं बंद करून आईंनी जुनीच पद्धत काढली. "मी बसवतो तिला पायावर, तू डबा भर जा," म्हणाल्या. बाथरूममध्ये पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर पसरून थोडे फाकवायचे, आणि लेकराला आपल्या पावलांवर उकिडवं बसवायचं, तोंड आपल्याकडं, हात आपल्या गुडघ्यांवर. चिमी आज्जीच्या बांगड्या मोजत बसते. एक, दोन, पाच, दोन. उकिडवं बसल्यानं मांड्या पोटाकडं येतात, शीचा रस्ता सरळ होतो, आणि पाय अधांतरी लोंबत नाहीत. कमोडवर बसवत असाल तर पायाखाली स्टूल किंवा पाट पाहिजेच, लटकत्या पायांनी जोर लागत नाही.

झाली तर शाब्बासकी नाही आणि नाही झाली तर नाराजी नाही, बसली याचंच कौतुक. हे आम्हाला जमायला वेळ लागला, कारण चार माणसांचे डोळे त्या एका गोष्टीवर लागलेले होते आणि लेकराला ते कळतं. "ई, घाण" म्हणणंही बंद केलं. डायपर सोडवायची घाई तर तीन महिने पूर्ण थांबवली, ती पडद्यामागं उकिडवं बसून डायपरमध्ये करत असेल तर करू दे, फक्त ताठ उभी राहून धरायला नको. चीर असताना कोमट पाण्याच्या टबात पाच-दहा मिनिटं बसवायचो आणि वरून खोबरेल तेलाचा हात, त्यानं ती सैल पडायची.

आता हे सगळं घरी न करता थेट डॉक्टरांकडं कधी पळायचं, ते नीट वाचा. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, किंवा पहिल्या महिन्यापासनंच बद्धकोष्ठ आहे, तर आतड्याचा जन्मजात आजार किंवा थायरॉइड तपासावं लागतं. हिरवी उलटी, पोट फुगून टणक, ताप, वजन वाढत नाही, पायात जोर कमी वाटतो, रेघेपेक्षा जास्त रक्त, यातलं काहीही असेल तर थांबू नका. काही मुलांना दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असते आणि त्यानंही शी अडकते, तेव्हा डॉक्टर काही आठवडे दूध पूर्ण थांबवून बघायला सांगतात, पण ते त्यांच्या देखरेखीखाली.

परत उलटतं का? उलटतं. मे महिन्यात मी माहेरी गडहिंग्लजला गेले दहा दिवस आणि पावडरचा डबा इथंच राहिला, म्हटलं दोन महिने झालेत, बरी आहे, राहू दे. नवीन बाथरूम, सगळी पाहुणेमंडळी, आंबे आणि दुधाचे पेले पुढं करणारे चार मामा. सहाव्या दिवशी पोरगी माझ्या आईच्या साडीमागं टाचांवर उभी. यावेळी मात्र आम्ही देठ शोधला नाही, त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला, गडहिंग्लजमध्येच पावडर मिळाली, तीन दिवसांत सुटली. तेव्हापासनं प्रवासाच्या पिशवीत डायपरच्या आधी तो डबा जातो. ताप आला, दात आले, पाळणाघर बदललं, घरात लग्नकार्य निघालं, की त्या आठवड्यात आम्ही आकडे जास्त बारकाईनं बघतो. पाळणाघराच्या ताईंनाही सांगून ठेवलंय की ती कोपऱ्यात ताठ उभी दिसली तर हाक मारू नका, नुसतं उचलून उकिडवं बसवा.

जूनपासनं एकदाही रक्त नाही. जुलैचं हिमोग्लोबिन ११.२ आलं. आता श्रावण लागलाय, आम्ही अर्ध्या डोसवर आहोत, गणपती झाले की डॉक्टर परत बघून पाव करायचं का ते सांगतील. काल सकाळी आई देवपूजेत होत्या तेव्हा चिमी स्वतः पाट ओढत बाथरूमच्या दारात घेऊन आली आणि "आज्जी, पाय" म्हणाली. कालनिर्णयमध्ये कालच्या चौकटीत ४ लिहिलंय.